खिंडीतली हजेरी

सॅक परत करायची राहिली होती, म्हणून त्या शनिवारी दुपारी मी मुलुंडला मार्तंडदादांच्या घरी गेले. हिमालयातून परत येऊन महिना होऊन गेला होता. क्लबच्या सॅक, स्लीपिंग बॅगा, दोर, सगळं त्यांच्या स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर असतं. बाकीच्यांनी आपापलं सामान पहिल्याच आठवड्यात पोचवलं. माझी सॅक मात्र बोरिवलीला आमच्या पलंगाखाली पडून होती, आणि आई रोज केर काढताना म्हणायची, "पद्मजा, हे धूड हलव गं इथून. रॉकेलचा आणि ओल्या लोकरीचा वास मारतोय." मी तीनदा उन्हात घातली. वास जात नव्हता.

मार्तंडदादांनी दार उघडलं तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही त्यांना. महिन्याभरात गळ्याची हाडं वर आली होती.

"ये. घरी कुणी नाही, चहा मीच टाकतो. फिका झाला तर नावं ठेवू नकोस."

सॅक घेऊन ते स्टुलावर चढले. वरूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मी क्लब सोडला. कळलं असेल तुला."

"नाही, दादा."

"लेखी दिलंय. खिंडीच्या माथ्यापर्यंत अकरा जण सुखरूप आणले, आणि उतरताना एक हरवलं. उतरणीवर रांगेच्या शेपटाला जुना माणूस ठेवला नाही, ही माझी चूक. माथ्यावर मी स्वतः मोजले होते, पद्मजा. अकरा आवाज."

पाण्याचं भांडं हातात होतं, ते तोंडाला लावलं.

अकरा आवाज नव्हते. दहाच होते. अकरावासुद्धा माझाच होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी मुळात घाबरट. दाराची कडी वाजली तरी दचकते. माझ्यासारखी मुलगी चौदा हजार फुटांवरच्या खिंडीत गेलीच कशी, असं आमच्या नात्यातल्या सगळ्यांनी विचारलं. गेले ती माझी मैत्रीण प्रेमा हिच्यामुळे. आम्ही दोघी एका वर्गात, एका बाकावर. ती चारकोपची. वडील दत्तारामकाका गिरणीत होते. संपात गिरणी सुटली, लालबागची खोली गेली, आणि ही माणसं चारकोपला सेक्टरमधल्या नव्या घरात आली. प्रेमाला कशाचीच भीती वाटायची नाही. "पद्मे, तू झुरळाला घाबरतेस. वर बर्फात झुरळ नसतं. चल," एवढं बोलून तिनं माझं नाव क्लबात दिलंसुद्धा.

कॉलेजात आम्ही एकमेकींची प्रॉक्सी द्यायचो. सगळेच देतात. पण आमचं काम वेगळं होतं. तिचा आवाज मला हुबेहूब जमायचा, तो जरासा घोगरा, शेवटी वर जाणारा. आणि तिला माझा. "तुझा आवाज काढायचा म्हणजे काय गं, नुसतं रडवेलं व्हायचं," असं म्हणून ती सगळ्या बाकाला हसवायची.

डोंगरात हजेरीची रीत अशी. धुकं आलं की थांबायचं आणि पुढून मागे आपापला नंबर ओरडायचा. मार्तंडदादा एक. माझा दहा. प्रेमा सगळ्यांत तगडी, म्हणून अकरा, शेवटची. खरं तर आम्ही बारा होतो. पण शेपटाला चालणाऱ्या बाळ नावाच्या जुन्या गड्याला विरळ हवेनं उलट्या सुरू झाल्या आणि त्याला आदल्या मुक्कामावरूनच खाली पाठवलं. सगळ्यांच्या पुढे आमचा वाटाड्या चंद्रप्रकाश, तिथल्याच गावचा. बर्फात पावलांची वाट तो पाडायचा.

माथा पंधरा मिनिटांवर राहिला असेल. एका काळ्या खडकापाशी प्रेमानं माझी बाही ओढली. तिला अवेळी पाळी आली होती. नऊ पुरुषांत आम्ही दोघीच मुली. ती हळूच म्हणाली, "मी खडकामागे जाऊन येते. दादांना सांगू नकोस, लाजेनं मरेन मी. मोजणी झाली तर माझा नंबर देऊन टाक. आलेच."

मी थांबायला हवं होतं. पण पुढच्या माणसाची पाठ धुक्यात विरायला लागली होती, आणि ती पाठ दिसेनाशी झाली की मला श्वास घेता येत नव्हता. मी चालू लागले.

माथ्यावर दगडांची रास होती, तिला फडकी बांधलेली. वारा असा, की फडक्यांचा आवाज चाबकासारखा येत होता. दोन हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. सगळे टोप्या ओढून, माना खाली घालून. नंबर सुरू झाले. सात... आठ... नऊ... मी "दहा" म्हटलं. मग तोंड जरा बाजूला वळवलं आणि घोगऱ्या आवाजात, शेवटी वर नेत, "अकरा" म्हटलं. छान जमलं. खरं सांगते, त्या क्षणी मला थोडं हसूही आलं.

"चला, उतरा. वारा वाढतोय," मार्तंडदादा ओरडले.

आणि आम्ही पलीकडच्या अंगाला उतरायला लागलो.

खालच्या सपाटीवर तंबू लागले आणि पुन्हा मोजणी झाली, तेव्हा दहावर थांबली. मार्तंडदादा म्हणाले, "माथ्यावर अकरा आलं होतं. म्हणजे उतरणीवरच कुठेतरी आहे." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण तिच्या पुढे मी होते. मी म्हणाले, "माझ्या मागेच होती. आत्ताआत्तापर्यंत होती."

का म्हणाले? वाटलं, येईलच पाच मिनिटांत. मग वाटलं, अर्ध्या तासात येईल. मग अंधार पडला, आणि त्यानंतर खरं सांगायचं म्हणजे आधीच्या प्रत्येक तासाचा हिशोब द्यायला लागला असता. दोन दिवस मार्तंडदादा आणि चंद्रप्रकाश शिट्ट्या मारत उतरणीवरची प्रत्येक घळ शोधत होते. आम्ही उतरलो त्या अंगाला. ती माथ्याजवळ, चढणीच्या अंगाला होती. दुसऱ्या संध्याकाळी चंद्रप्रकाश माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. त्याचे ओठ फुटले होते. "बहनजी, ग्यारह नंबर आपने अपने कानों से सुना था न?"

मी मान हलवली. हो अशी.

तिसऱ्या दिवशी जोराचा बर्फ पडला, आणि आम्ही खाली आलो.

...तर मी मार्तंडदादांच्या घरी उभी होते. भांडं तोंडाला लावलेलं, तोंडात पाणी. वर माळ्यात त्यांचं अर्धं अंग गेलं होतं. आतून त्यांचा आवाज आला, "पद्मजा, आहेस ना? स्टूल धर जरा."

"आहे, दादा."

माझा आवाज. माझ्या मागून, बाल्कनीच्या दाराच्या बाजूनं. मी पाणी गिळलंसुद्धा नव्हतं.

मी वळले. बाल्कनीत दोरीवर टॉवेल होता, बाकी कुणी नाही. पाणी माझ्या हनुवटीवरून कुर्त्यावर गळत होतं. स्टूल हललं तशी मी धावत जाऊन धरलं. दादांना काही कळलं नाही. चहा न घेताच मी निघाले.

मनाचे खेळ, म्हटलं. झोप नव्हती मला, जेवण जात नव्हतं. पण त्याच आठवड्यात आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली. मी बाथरूममध्ये केसांना साबण लावून बसले होते. हाक मला ऐकू आली, आणि मी तोंड उघडायच्या आत बाहेर कुणीतरी "आले गं" म्हणालं. बाहेर आले तर आई ओट्यापाशी कपाळाला हात लावून. दूध उतू गेलेलं.

"आले म्हणतेस आणि येत नाहीस. मी विश्वासानं बाजूला झाले ना. लक्ष कुठे असतं हल्ली?"

"आई, आवाज कुठून आला माझा?"

"कुठून म्हणजे? तुझ्या खोलीतून. आता असं बघत उभी राहू नकोस, फडकं आण."

मी खोलीत गेले. पलंगाखाली आता काही नव्हतं, फक्त रॉकेलचा आणि ओल्या लोकरीचा वास. सॅक मुलुंडला पोचून पाच दिवस झाले होते.

मग कॉलेज. बस चुकली, मी वर्गाच्या दाराशी पोचले तेव्हा हजेरी संपून शिकवणं सुरू झालं होतं. मागून जाऊन बसले. मधल्या सुट्टीत वसुधाला म्हटलं, "माझी ऍबसेंट लागली असेल ना?"

वसुधा डबा उघडत होती. "काहीतरीच काय. यस सर म्हणालीस की. मागच्या बाकावरून. मला वाटलं लवकर आलीस आज, झकास."

"मी आत्ता आले, वसुधा. तुझ्यासमोर."

"मग कुणीतरी प्रॉक्सी दिली असेल, यार. बरं झालं ना." माझी प्रॉक्सी कोण द्यायचं ते सगळ्या वर्गाला माहीत होतं. डब्याचं झाकण तिनं परत लावलं. "तू डॉक्टरांकडे जा गं पद्मजा," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरांकडे काय सांगणार? की मला कुणी हाक मारली की माझ्याआधी ती ओ देते? की दर वेळी ती थोडी थोडी लवकर देते? आधी हाक संपल्यावर यायचं, आता हाक पुरती व्हायच्या आत उत्तर येतं. घरात मी न बोलता वावरायला लागले, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. कारण बोलणं चालूच होतं.

मला पक्कं कळलं होतं ती का आली आहे. मी तिची हजेरी दिली होती. तिथे, जिथे ती नव्हती. फेडायला एकच गोष्ट होती, आणि ती मी महिनाभर टाळत होते.

चारकोपला प्रेमाची आई, आमच्या काकी, तिची वाट बघत होत्या. त्यांनी कार्य केलं नव्हतं, की फोटोला हार घातला नव्हता. वर्गातल्या मुली भेटायला गेल्या तेव्हा काकी त्यांना म्हणाल्या, ती खिंड ओलांडून पलीकडे उतरली होती, नंबर दिला होता तिनं. म्हणजे खाली कुठल्यातरी गावात, मेंढपाळांकडे असेल. पाय मोडला असेल. बर्फ वितळला की येईल. त्या बाईचा सगळा जीव माझ्या तोंडून निघालेल्या एका आकड्यावर टांगलेला होता, आणि मार्तंडदादांचा क्लब त्याच आकड्यापायी सुटला होता. खरं सांगितलं की दादा सुटणार होते आणि काकी संपणार होत्या. तरी सांगायचं ठरवलं. श्रावणातला रविवार होता. आईला म्हटलं, नोट्स आणायला जाते.

बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली. चारकोप तेव्हा पुरतं वसलेलं नव्हतं. सेक्टरच्या पाट्या होत्या, मध्ये अर्धवट भिंती, त्यांतून वर आलेल्या सळया, आणि पलीकडे खाडीकडचं तिवरांचं रान. चार वाजले असतील. पाऊस थांबला होता, पण उजेड मळकट, कपडे बुडवलेल्या पाण्यासारखा. वाटेत माणूस दिसेना. चिखलात माझ्या चपलांचा आवाज येत होता, चप्... चप्... आणि मी थांबले की तो लगेच थांबत होता. मी दोनदा थांबून बघितलं. तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

मनात वाक्य घोळत होतं. काकी, नंबर मी दिला होता. काकी, नंबर मी दिला होता. दुसरंही एक वाक्य होतं, पण ते मी स्वतःशीही कधी म्हटलं नव्हतं. माथ्यावरून उतरायला लागलो तेव्हा, फडक्यांच्या आवाजातून, मागून हाक आली होती. "पद्मे... थांब गं..." एकदा नाही, तीनदा. मी ऐकली. पुढच्या माणसाची पाठ सुटेल म्हणून मी थांबले नाही. हे मी काकींनाही सांगणार नव्हते. तेवढं माझ्यापाशीच ठेवणार होते.

घर बैठं, पत्र्याचं. दार उघडंच होतं. मी कडी वाजवली.

काकी बाहेर आल्या. डोळे सुजून लाल झालेले. मला बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"अगो... तू भायर कधी गेलंस?"

"आत्ताच येतेय, काकी."

"आताच? दुपारपासून हंयच होतंस मगे." त्यांनी एकदा आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "माझ्या मांडयेर डोकां ठेवन रडलंस. मीच म्हटलंय, आत जावन जरा आड पड."

खोलीत दोन कप होते. एक रिकामा, एक तसाच भरलेला, साय धरलेला. मी भिंतीला हात लावला. भिंत ओली होती, पावसाळ्यात असते तशीच.

"काकी, मी... काय सांगितलं मी?"

"परत कित्याक विचारतंस? सगळां सांगलंस. नंबर तू दिलंस तां. खडकामागे गेल्लां तां." त्या खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं. त्यांचा आवाज शांत होता, खूप रडून झाल्यावर होतो तसा. "हे भटाक विचारूक गेले. आता वाट बघूची नको. बरां केलंस गो सांगलंस तां. तुका मी काय एक बोलूचंय नाय. पोरच तू." मग पदर मुठीत धरून, "हाक आयकलंस, तीन वेळां, तरी थांबूक नाय... तांव सांगलंस. तां सांगूक नको होतां. तां मी कशी विसरू?"

मी तिथेच दाराशी टेकले. "ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, काकी."

काकींनी ऐकलं नाही. त्या आपल्याच विचारात होत्या, कपाळाला आठी घालून, हिशोब चुकल्यासारख्या.

"एक माका कळाक नाय. तू म्हटलंस, दोन दिस शिट्टी आयकाक येत होती. खालसून. लांबसून. दुसऱ्या सांजेपर्यंत." त्यांनी मान वर केली. "पण तू तर खाली तंबवात होतंस मा? मग शिट्टी तुका खालसून कशी आयकाक येईत?"

दोन दिवस. दुसऱ्या संध्याकाळी चंद्रप्रकाश माझ्यापुढे उकिडवा बसला होता. मी तेव्हा मान आडवी हलवली असती तर... तो त्या रात्रीही वर गेला असता. गेलाच असता तो.

"काकी," मी म्हणाले. निदान म्हणायचा प्रयत्न केला. "आत कोण आहे?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बघता बघता काहीतरी उलगडत नसल्यासारखा चेहरा झाला. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि पडदा सारून आत गेल्या.

मी उठून पळायला हवं होतं. उंबरा हातभरावर होता. बाहेर एक कावळा सळईवर बसून पंख झटकत होता. आतून काहीच आवाज नाही. मग काकींचं पुटपुटणं, पोराला थोपटताना करतात तसं. आणि तो वास, पडद्याखालून, जमिनीलगत. ओली लोकर. रॉकेल.

खूप वेळानं काकी बाहेर आल्या. पडदा त्यांनी हलक्या हातानं नीट केला.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "निजलां हा."

आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे तेच, सुजलेले. पण त्यांत आता माझी ओळख नव्हती. दारात भर दुपारी कुणी परकी मुलगी आली की बाईमाणूस जसं बघतं, तसं त्या बघत होत्या. राग नव्हता. थोडी कीवच होती.

"कोण गो तू, बाय? खंयचां घर होयां तुका?"

मी नाव सांगायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. घशात हात घालून कुणी तो आधीच काढून नेला होता जणू. मी बोटानं स्वतःकडे दाखवलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा स्वतःकडे.

आत खाट करकरली. झोपेतून उठलेल्या माणसाचा आवाज आला, रडवेला, बारीक. माझा.

"कोण आलंय, काकी?"

काकींनी मान वळवली, आणि किती मायेनं त्या म्हणाल्या, "काय नाय गो, नीज तू. कोणतरी वाट चुकलां हा."